मनगट एक, कान दोन

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. वडील डोळ्याला भिंग लावून एचएमटी घड्याळाची हेअरस्प्रिंग, म्हणजे आतली केसासारखी बारीक स्प्रिंग, सरळ करायचे. त्याच टेबलावर मी आता स्मार्टवॉचच्या बॅटऱ्या बदलतो आणि इअरबड्सच्या डब्या साफ करतो. गेल्या अंकात डबी कशी साफ करावी यावर चार ओळी लिहिल्या, तर या महिन्यात पत्रांचा गठ्ठाच आला. ही दोन यंत्रं घराघरांत शिरली आहेत, पण त्यांच्याबद्दल बसून नीट सांगणारं कुणी भेटत नाही, हे त्या पत्रांतून कळलं. जागेत बसतील तेवढी उत्तरं देतो.

प्रश्न : दिवाळीला घरात काहीतरी उपयोगाची वस्तू घ्यायची आहे. मोबाइलवर एक घड्याळ पाहिलं, डायल उघडली की आत दोन इअरबड्स. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, सासूबाई ७१ वर्षांच्या, मुलगा बारावीला आणि मी घरी. एकाच वस्तूत दोन्ही मिळतंय तर घ्यावं का? बजेट ५,००० रुपयांपर्यंत. – एक गृहिणी, फुलेवाडी

उत्तर : ताई, पत्रात घरातली चारही माणसं तुम्ही मांडलीत, बजेट सांगितलंत, पण घड्याळ कुणाच्या हातात जाणार ते लिहिलं नाहीत. दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. वस्तू आधी पसंत पडते, हात मागाहून शोधला जातो. आपण हातापासूनच सुरुवात करू, पण त्याआधी त्या घड्याळाचं सांगतो, कारण तसलं एक मी उघडून पाहिलंय.

कल्पना खोटी नाही. हुआवे कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्ये चीनच्या बाजारात असं घड्याळ आणलं. डायल झाकणासारखी वर उचलायची, आत चुंबकानं धरून ठेवलेले दोन छोटे बड्स. त्याच धर्तीची बिननावाची घड्याळंही ऑनलाइन मिळतात. तुमच्या बजेटकडे बघता तुम्ही पाहिलेलं त्यातलंच असणार.

मागच्या पावसाळ्यात इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी असंच बिननावाचं घड्याळ घेऊन आला. तक्रार एकच, डावा बड चार्ज होत नाही. झाकण उचललं. दोन्ही बड्स भिजून टपोरलेल्या पावट्यासारखे आपापल्या खाचेत बसले होते. डावा चिमट्यानं काढला, भिंग लावलं. खाली दोन सोनेरी पिना असतात, त्यांच्यावर बडचे ठिपके टेकले की चार्जिंग होतं. त्यातल्या एका पिनेभोवती हिरवट कड धरली होती, देवघरातल्या तांब्याच्या पळीला धरते तशी. खाचेच्या कोपऱ्यात कानातला मळ आणि मनगटाचा घाम एक होऊन चिकट थर बसलेला. मऊ ब्रशला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावून साफ केलं, पिन पुन्हा उसळी घ्यायला लागली, बड चार्ज झाला. पंधरा दिवसांनी पोरगं परत दारात. या वेळी पिन आत रुतून बसली होती आणि तो सुटा भाग कुठंही मिळेना. बड्सच चालत नाहीत म्हटल्यावर ते जाडजूड घड्याळ हातात नकोसं झालं आणि सगळंच खणात जाऊन पडलं.

पोराची काही चूक नव्हती. बड्सची डबी खिशात, पर्समध्ये कोरडी राहते. मनगट म्हणजे घाम, भांड्यांचं पाणी, पाऊस. कोरडी ठेवायची वस्तू ओल्या जागी बांधली की हे व्हायचंच. शिवाय घड्याळातल्या एवढ्याशा बॅटरीला स्वतःचं पोट भरून दोन बड्सही पोसायचे असतात. आणि तुमच्या घरासाठी सगळ्यांत अडचणीचं हे, की घड्याळ सासूबाईंच्या हातात असेल तर बड्स चार्ज करायला नातवाला आजीचं मनगट मागावं लागेल. ती एका माणसाची वस्तू आहे, घराची नव्हे.

आता एकेक हात बघू. सासूबाईंना मोठे आकडे दिसणारं, ब्लूटूथ कॉलिंगचं साधं घड्याळ द्या. दोन हजारांच्या आसपास मिळतं. फोन हॉलमध्ये आणि त्या परसात असल्या तरी फोन आल्याचं हाताला कळतं, तिथूनच बोलता येतं. पण घड्याळात सिम नसतं, कॉल फोनमधूनच जातो. दहाएक मीटरच्या पुढं किंवा मधे जाड भिंती आल्या की संबंध तुटतो. फोन घरी ठेवून त्या भाजीला गेल्या तर तेच घड्याळ मुकं होतं. हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा, नाहीतर त्या भरवशावर राहतील.

मुलाला या वर्षी घड्याळ नको. नीट असो की सीईटी, परीक्षेच्या खोलीत स्मार्टवॉच आणि ब्लूटूथचं काहीही नेता येत नाही. लेक्चर ऐकायला हजार-बाराशेचे बड्स बास झाले, दुपारी तुम्हीही तेच वापराल. खोक्यात रबरी टोप्यांचे दोन-तीन जोड येतात. त्यातला एक तुमचा, एक त्याचा, आणि बदलताना मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं. कानाचा संसर्ग घरात असाच फिरतो.

मिस्टरांना फाउंड्रीत दोन्ही नकोत. फिरत्या मशिनपाशी मनगटावर काही अडकवलेलं असू नये. आणि बड्स म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे, ते खाली इचलकरंजीच्या पत्रात लिहिलंय. उरलेल्या पैशात दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं मशिन बसतं. सासूबाईंच्या वयाला ते घरात असावं.

प्रश्न : कॉलिंगचं घड्याळ आणि इअरबड्स दोन्ही वापरते. परवा केएमटीत कानात बड्स होते, सासूबाईंचा फोन उचलला तर आवाज घड्याळातून! घरचं बोलणं अख्ख्या बसनं ऐकलं. – एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : बाई, घड्याळाची आणि बड्सची एकमेकांशी ओळखच नसते. दोघंही वेगवेगळे फोनला जोडलेले असतात आणि फोन आलेला कॉल एकाच्याच हवाली करतो. तुम्ही घड्याळावरचं हिरवं बटण दाबलंत, म्हणून तो घड्याळाला मिळाला. कानात बड्स असतील तेव्हा बडवर टिचकी मारून उचला.

कायमचा बंदोबस्त असा. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत घड्याळाचं नाव बऱ्याचदा दोनदा दिसतं. एक ॲपमधून जोडलेलं, मेसेज आणि पावलं सांभाळणारं. दुसरं कॉलचा आवाज नेणारं. त्या दुसऱ्या नावाशेजारच्या चक्रावर बोट ठेवा आणि आत कॉलचं बटण बंद करा. फोन आल्याचं मनगटाला कळेल, आवाज मात्र कानातच येईल. आणि बोलता बोलता गडबड झालीच, तर फोनच्या स्क्रीनवर स्पीकरचं चिन्ह दाबा. तिथं फोन, घड्याळ, बड्स अशी यादी येते, हवं ते निवडा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, गावी असतात. मी पुण्याहून त्यांना घड्याळ पाठवलं. त्यात ते रोज बीपी बघतात. १२० च्या आसपास दाखवतंय म्हणून त्यांनी बीपीची गोळी एक दिवसाआड केली आहे. शुगरही दाखवतं म्हणाले. चालेल का? – एक मुलगा, मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यात

उत्तर : नाही चालणार. आधी वडिलांना फोन लावा आणि डॉक्टरांनी सांगितली तशी गोळी आजपासून रोज घ्यायला सांगा. बाकीचं उत्तर मग वाचा.

तुमचं पत्र वाचून काळजात चर्र झालं, कारण अशीच एक गोष्ट माझ्या टेबलासमोर घडली. कसबा बावड्याचे एक काका पट्टा बदलायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, ‘बीपीचं मशिन कशाला पायजे, हे हाय की.’ मी त्यांचंच घड्याळ मागून घेतलं. टेबल पुसायचा टॉवेल मनगटाएवढा घट्ट गुंडाळला, त्यावर पट्टा आवळला आणि बीपीचं बटण दाबलं. खालचा हिरवा उजेड लुकलुकला. अर्ध्या मिनिटात आकडा आला, ११८ वर ७६. टॉवेलला बीपी आलं. काका काही न बोलता स्टुलावर बसले. जरा वेळानं हळूच म्हणाले, ‘मी चार महिनं ह्याच्यावरच हाय.’ त्यांना तसंच समोरच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

घड्याळाच्या पाठीला जो हिरवा दिवा असतो, तो कातडीतून आत उजेड टाकतो. रक्त हिरवा उजेड शोषतं. ठोका पडला की त्या जागी रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो, मग पुन्हा वाढतो. ही चढउतार मोजली की नाडीचे ठोके कळतात. स्वस्थ बसल्यावर हे काम घड्याळ चांगलं करतं. पण बीपी म्हणजे रक्ताचा नळीवर पडणारा दाब. तो मोजायला नळी बाहेरून दाबावी लागते, म्हणून डॉक्टर दंडाला पट्टा बांधून हवा भरतात. नुसत्या उजेडावरून स्वस्त घड्याळ अंदाजाचं सूत्र लावतं आणि आकडा छापून मोकळं होतं. सॅमसंगसारखी कंपनी आपल्या घड्याळात बीपी देते, पण तीसुद्धा दर ४ आठवड्यांनी दंडाच्या पट्ट्याच्या मशिनशी जुळवून घ्या म्हणून सांगते.

शुगरचं तर त्याहून वाईट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला, की सुई न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही. ज्या घरात इन्सुलिन चालू आहे तिथं खोट्या आकड्यावर डोस कमीजास्त केला, तर माणूस हातचा जाईल.

वडिलांना दंडाचं मशिन पाठवा. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, आणि पट्टा फुगताना बोलायचं नाही. आकडा वहीत तारखेसह लिहायचा आणि ती वही डॉक्टरांना दाखवायची. घड्याळ खुशाल वापरू दे. ठोके बघायला, झोप किती झाली त्याचा अंदाज घ्यायला ते बरं आहे. बीपी आणि शुगरची पानं मात्र ॲपमधून बंद करता येत असतील तर पुढच्या फेरीला स्वतःच्या हातानं बंद करा.

आणखी एक, सगळ्यांसाठी. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर बड्सची डबी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू देऊ नका. डबीत चुंबक असतात. छातीपासून १५ सेंटीमीटर तरी लांब राहू देत.

प्रश्न : घड्याळाच्या खोक्यावर आयपी६८ लिहिलंय. आमच्याकडं जूनपासून धो धो असतो. पावसात, पोहताना, अंघोळीला चालेल का? आणि बड्सचं काय? – गगनबावडा

उत्तर : पाऊस चालेल, हात धुणं चालेल. त्या आकड्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. पण ही परीक्षा प्रयोगशाळेत स्वच्छ, थंड, स्थिर पाण्यात घेतलेली असते. पंचगंगेच्या घाटावरून मारलेली उडी त्यात धरलेली नाही. पोहायचं असेल तर ५ एटीएम असं लिहिलेलं बघून घ्या. बंबाचं कढत पाणी आणि साबण मात्र कुठल्याच घड्याळाला नको. झाकणाखाली रबराची बारीक कडी असते, ती वाफेनं आणि साबणानं सैल पडते, आणि मग पुढच्या साध्या पावसातही काचेच्या आत धुकं धरतं.

बड्स घामाला, शिंतोड्यांना टिकतात. डबी बहुतेक वेळा तेवढीही टिकत नाही. म्हणून भिजलेले बड्स तसेच डबीत घालू नका, पुसून, पंख्याखाली तासभर ठेवून मग घाला. तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदळाची पूड जाळीत आणि पिनांत जाऊन बसते.

प्रश्न : रात्रपाळीला यंत्रमागावर असतो. मागाचा आवाज नको म्हणून बड्स घालून गाणी मोठ्यानं लावतो. सकाळी घरी गेल्यावर तासभर कानात किर्रर्र वाजतं. दुकानदारानं ईएनसीचे दिलेत. एएनसीचे घेतले तर फरक पडेल का? – एक कामगार, इचलकरंजी

उत्तर : दादा, ती किर्रर्र म्हणजे कानानं दिलेली हाक आहे. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी पोकळी असते, तिच्यात आवाज पकडणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मोडतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. आज तासभर वाजून थांबतंय, काही वर्षांनी थांबणार नाही. बोलणाऱ्याचे ‘स’, ‘श’, ‘त’ आधी ऐकू यायचे बंद होतात. बायको बोललेली ऐकू येते, पण काय बोलली ते कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला फक्त ४ तास. दहा डेसिबलनं आवाजाची ताकद दहापट होते, म्हणून वेळ दहावा हिस्सा. माग चालू असलेल्या शेडात आवाज ९० च्या वर सहज असतो. त्यावर ऐकू यावं म्हणून तुम्ही गाणं आणखी वर नेता. म्हणजे मागाचा मार आहेच, त्यात गाण्याचा मार पडतो, आणि तो तुम्ही आपल्या हातानं देता.

ईएनसी तुमच्या कानासाठी नसतंच. तुम्ही बोलता तेव्हा माइकमध्ये शिरणारा आजूबाजूचा गोंगाट कमी होतो, त्याचा फायदा पलीकडच्या माणसाला. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. बाहेरच्या आवाजाच्या उलट लाट तयार करून ते तो आवाज मारतं. एसटीच्या इंजिनाची, पंख्याची एकसारखी घरघर त्यानं छान कमी होते. मागाच्या धोट्याचा फटका खट्कन येतो आणि जातो, तो त्याला नीट पकडता येत नाही. त्यामुळं एएनसीवर पैसे घालून मागावर बसू नका.

फोमचे इअरप्लग घ्या, अगदी थोड्या पैशात मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचं. नुसते अडकवले तर उपयोग नाही. गाणी पाळी सुटल्यावर, आवाज निम्म्याच्या जरा वर, एवढाच. आणि सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरला येऊन सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात तपासून घ्या. माझी एवढी विनंती मानाच.

प्रश्न : घड्याळावर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसतात. – निपाणी

उत्तर : त्यात देवनागरी अक्षरंच भरलेली नाहीत. ॲपमधून घड्याळ अपडेट करून बघा, कधी कधी सुटतं. नवीन घेणाऱ्यांनी दुकानात उभ्या उभ्या हे करावं. घड्याळ फोनला जोडायचं आणि शेजारच्याकडून मेसेज मागवायचा, ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं, दुसऱ्या गल्लीत ये.’ त्यातला ळ, ऱ्या आणि ल्ल नीट उमटले तरच पैसे काढायचे. वयस्कर माणसासाठी घेताय तर ही परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची, कारण चौकोन दिसले की ती माणसं दुसऱ्या दिवशी घड्याळ उतरवून ठेवतात.

प्रश्न : आई दिवसभर घराबाहेर पडली नाही, तरी घड्याळात साडेचार हजार पावलं. बिघडलंय का? – कागल

उत्तर : बिघडलं नाही. घड्याळाला पाय दिसत नाहीत, हाताचा झोका कळतो. भाकरी थापताना, ताक घुसळताना, म्हशीची धार काढताना हात एका तालात हलतो, घड्याळ त्याला चालणं समजतं. उलट कमरेवर घागर घेऊन आलं तर हात हलत नाही आणि ती खरी पावलं मोजलीच जात नाहीत. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सगळीकडं ऐकू येतो, तो जपानमध्ये १९६५ साली विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ते औषध नव्हे. आईला फिरायला पाठवायचं असेल तर मोजदाद सोडा, सोबत जा.

प्रश्न : घड्याळ आणि बड्सचा कॉम्बो ९९९ रुपयांना ऑनलाइन घेतला. आठ दिवसांत घड्याळाची स्क्रीन गेली आणि मागचं झाकण फुगल्यासारखं वाटतंय. विकणारा उत्तर देत नाही. – उजळाईवाडी

उत्तर : झाकण उचललं गेलंय म्हणजे आतली बॅटरी फुगलीय. आता त्याला चार्जर लावू नका, दाबून झाकण बसवू नका, टाचणीनं तर मुळीच टोचू नका. उशापासून, गॅसपासून लांब, फरशीवर ठेवा. घरच्या कचऱ्यात टाकायचं नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्यायचं. पण आधी चारी बाजूंनी फोटो काढा. बिल, खोकं, विकणाऱ्याशी झालेलं बोलणं, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. मराठीतून बोला. तिथं नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. ९९९ रुपयांसाठी कुठं जायचं, असं म्हणून लोक सोडून देतात आणि तोच माल पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनगटावर जातो.

घेण्याआधी बघायचं ते एवढंच. स्मार्टवॉच आणि वायरलेस इअरफोन दोन्हींना आपल्या देशात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा मालावर आर अक्षर आणि पुढं आकडे असा नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबर नसेल किंवा दुसऱ्याच मालाचा निघाला तर ते यंत्र पोराबाळांच्या अंगावर बांधू नका.

प्रश्न : आजोबांना पंचाहत्तरीला स्मार्टवॉच दिलं, ते कपाटात ठेवतात आणि जुनं चावीचं एचएमटीच घालतात. रोज पहाटे रंकाळ्यावर एकटेच फिरायला जातात, म्हणून काळजी वाटते. – एक नात, शिवाजी पेठ

उत्तर : बाळ, आजोबांच्या हातातलं एचएमटी काढायला सांगू नकोस. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ साली बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली आणि २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. त्या मधल्या वर्षांत पहिल्या पगाराचं, लग्नातलं घड्याळ म्हणजे हेच. माझ्या वडिलांच्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण अजून फक्त तेवढ्यासाठी जिना चढून येतात.

डाव्या हातात एचएमटी राहू दे. स्मार्टवॉच उजव्या हाताला, आणि तेही फक्त फिरायला जाताना. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, आणि खाली करंगळी सरकेल एवढाच सैल. म्हाताऱ्या माणसाची कातडी नाजूक असते. परत आल्यावर उतरवून पाठ ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर पुरळ येतं. चार्जिंगचं ते विसरतील, म्हणून एक युक्ती सांगतो. एचएमटीला चावी द्यायची वेळ ते कधीच चुकवत नसणार. चार्जर तिथंच, त्याच टेबलावर ठेव. एका हातानं चावी देतील, दुसऱ्यानं ते चार्जरवर ठेवतील.

त्या घड्याळात पडल्याचं कळवणारी सोय आहे का बघ. असेल तर तुझा आणि शेजारच्या कुणाचा तरी नंबर त्यात भर. सिम नसलेल्या घड्याळाला निरोप पाठवायला फोन लागतो, म्हणून फोन त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात जायलाच हवा. संकटात ११२ कसा लावायचा ते दोनदा करायला लावून दाखव, पण बटण दाबायच्या आधी थांबव, उगाच पोलिसांना फोन जायचा. बड्स मात्र पहाटे रस्त्यावर नकोत. मागून येणारी गाडी कानालाच आधी कळते.

आणि एचएमटी दिवसाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त मागं पडत असेल तर आजोबांना घेऊन दुकानात ये. ऑइलिंग करून देतो. ते काम होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं घड्याळही लावून देईन.